जॉश गॉर्डनची थोरवी मोजताना त्याचे व्यसन किती धरावे?

शिक्षिका, टिळकवाडी

नमस्कार. मी बेळगावातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि शाळेच्या भित्तिपत्रकाचे काम माझ्याकडे आहे. या वेळचा विषय ‘माझा आवडता खेळाडू’ असा होता. बहुतेक मुलांनी क्रिकेटपटूंवर आणि मल्लांवर लिहिले, परंतु नववीतील एका मुलाने अमेरिकन फुटबॉलमधील जॉश गॉर्डन या रिसीव्हरवर चार पाने लिहून आणली. त्याची मावशी ओहायो राज्यातील क्लीव्हलँडला राहते आणि तिच्यामुळे त्याला या खेळाची गोडी लागली. आपल्याकडे फुटबॉल म्हटले की लेले मैदानावरचा पायाने खेळायचा खेळ डोळ्यांसमोर येतो. त्या खेळात मात्र क्वार्टरबॅक चेंडू हाताने लांब फेकतो आणि अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला चुकवत, धावता धावता तो झेलणे हे रिसीव्हरचे काम असते.

मुलाने लिहिलेली माहिती मी पडताळून पाहिली. २०१३ च्या हंगामात गॉर्डन क्लीव्हलँड ब्राउन्सकडून खेळत होता. पहिले दोन सामने निलंबनामुळे हुकले असूनही उरलेल्या १४ सामन्यांत त्याने ८७ झेल घेऊन १,६४६ यार्ड (झेल घेऊन संघाला मैदानात पुढे नेलेले अंतर) मिळवले आणि त्या वर्षी एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेतील एकाही रिसीव्हरला त्याला मागे टाकता आले नाही. लागोपाठच्या दोन सामन्यांत त्याने आधी २३७ आणि मग २६१ यार्ड मिळवले. सलग दोन सामन्यांत दोनशेचा टप्पा ओलांडणारा तो त्या स्पर्धेच्या इतिहासातला पहिलाच खेळाडू. संघ दुबळा होता, हंगामात तीन क्वार्टरबॅक बदलले होते, आणि तरीही हे घडले. तेव्हा तो अवघ्या २२ वर्षांचा होता.

तिसऱ्या पानापासून मात्र निलंबनांची रांग लागते, कधी गांजामुळे तर कधी दारूमुळे. २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत तो एकही सामना खेळला नाही. आमच्या शिक्षकखोलीत हे पान वाचल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले की, असल्या माणसाचे चित्र शाळेच्या भिंतीवर नको. मुलाला हे कळले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “बाई, मग त्याने झेललेले चेंडूपण पुसून टाकायचे काय?” मला त्याला उत्तर देता आले नाही. सोमवारपर्यंत निर्णय घ्यायचा आहे. खेळ जाणणाऱ्यांनी कृपया आपले मत मोकळेपणाने लिहावे.

निवृत्त क्रीडाशिक्षक, खानापूर

ताई, मुलाने मेहनत घेतली आहे, त्याचे कौतुक आधी करतो. परंतु तुमच्या सहकाऱ्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. ज्या दोन सामन्यांचा त्या मुलाला अभिमान वाटतो, ते दोन्ही सामने ब्राउन्स हरले होते आणि त्या हंगामात त्यांना १६ पैकी केवळ ४ विजय मिळाले. यात गॉर्डनचा दोष नाही, हे मान्य. मात्र पुढच्या वर्षी, ज्या वेळी संघाला त्याच्या खांद्यावर उभे राहता आले असते, तो पाचच सामने खेळू शकला. सांघिक खेळात हजर असणे हा गुणच आहे, आणि माझ्या लेखी तो पहिला गुण आहे.

त्याच्यासमोर उदाहरणही होते. क्रिस कार्टर हा त्याच जागेवर खेळणारा खेळाडू. व्यसनांपायी १९९० मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला काढून टाकले आणि मिनेसोटा व्हायकिंग्जने केवळ १०० डॉलर भरून त्याला घेतले. तिथे तो सुधारला, पुढे बारा वर्षे खेळला आणि १,१०१ झेल व १३० टचडाउन (चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार जाणे) नावावर करून २०१३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात, गेला. म्हणजे गॉर्डन क्लीव्हलँडमध्ये विक्रम करत होता त्याच वर्षी, तिथून शंभरेक किलोमीटरवर हे दालन असलेल्या कँटन गावात, आपण बेळगावहून कोल्हापूरला जावे तेवढ्याच अंतरावर, कार्टरचा अर्धपुतळा बसत होता. भिंतीवर लावायचेच तर कार्टरला लावावे, असे मला वाटते.

मी एवढा कठोर का बोलतो, तेही सांगतो. माझ्या हाताखाली डाव्या विंगला खेळणारा एक मुलगा होता. तसा पाय मी तीस वर्षांच्या नोकरीत पुन्हा पाहिला नाही. एका अंतिम सामन्याच्या दिवशी तो मैदानाच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होता, आणि बराच वेळ झाला तरी त्याची गाठच बसत नव्हती. मी जवळ गेलो तेव्हा दारूचा वास आला. त्याला घरी पाठवायला हवे होते. मी खाली बसलो, त्याच्या दोन्ही बुटांच्या नाड्या स्वतः बांधल्या आणि त्याला मैदानात उतरवले, कारण त्याच्याशिवाय आम्ही जिंकणार नव्हतो. आम्ही जिंकलो. पुढच्या वर्षी तो शाळेतही नव्हता आणि मैदानातही नव्हता. गुण मोठा असला की आपण सगळे डोळेझाक करतो, आणि त्याची सुरुवात कौतुकाने भरलेल्या भिंतीपासूनच होते.

निपाणीकर

मी निपाणी परिसरात व्यसनमुक्तीचे काम करतो. आमचा भाग तंबाखूचा. पेठेतल्या वखारींतून आणि विडीच्या सुपांतून घरे चालतात, त्यामुळे व्यसन म्हणजे चारित्र्याचा डाग, एवढ्या सोप्या हिशेबावर माझा विश्वास उरलेला नाही. सरांनी स्वतःच्या चुकीबद्दल जे लिहिले ते वाचून मन भरून आले. तरी त्यांच्या दोन मुद्द्यांविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल.

पहिला मुद्दा निलंबनाचा. ‘गांजामुळे निलंबित’ असे वाचले की सैल सुटलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. २०१४ मध्ये गॉर्डनला वर्षभरासाठी बाहेर काढले गेले, त्या तपासणीचे आकडे त्या मुलाने जरूर लिहावेत. लघवीचा एकच नमुना दोन बाटल्यांत विभागतात. त्या काळी एनएफएलमध्ये गांजाच्या अंशाची मर्यादा दर मिलिलिटरला १५ नॅनोग्रॅम होती. गॉर्डनच्या पहिल्या बाटलीत १६ आले आणि दुसरीत १३.६३. दुसरी बाटली आधी तपासली गेली असती तर तो उत्तीर्ण ठरला असता. परंतु पहिलीत मर्यादा ओलांडली गेली की दुसरीत पदार्थाचे नुसते अस्तित्व दिसणे नियमाला पुरेसे होते. दुसऱ्यांच्या धुरामुळे हे झाले असे त्याचे म्हणणे होते, ते मान्य झाले नाही. त्याच सप्टेंबरमध्ये मर्यादा ३५ वर नेली गेली आणि त्याची शिक्षा दहा सामन्यांवर आली. २०२० मध्ये ती मर्यादा १५० झाली आणि केवळ गांजाच्या तपासणीत सापडल्याबद्दल खेळाडूला निलंबित करणेही थांबले. म्हणजे ज्या १६ नॅनोग्रॅमवरून त्याच्यावर वर्षभराची शिक्षा आली, ते प्रमाण आज तिथे दखल घेण्याजोगेही राहिलेले नाही.

याचा अर्थ तो निर्दोष होता असा नाही, आणि मुलाला तसे वाटू देऊ नये. त्याच २०१४ च्या जुलैमध्ये नॉर्थ कॅरोलिनात त्याला नशेत गाडी चालवताना पकडले आणि पुढे त्याने गुन्हा कबूल केला. माझ्या मते हीच त्याच्या साऱ्या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे, कारण रस्त्यावर दुसऱ्याचा जीव असतो. संकेश्वर ते निपाणी या आमच्या महामार्गाच्या पट्ट्यात नशेतल्या चालकांमुळे गेलेल्यांच्या घरी मी बसलो आहे, त्यामुळे हे वाक्य मी सहज लिहीत नाही. त्या प्रकरणानंतर त्याला दारू वर्ज्य होती आणि २०१५ चे निलंबन ती प्यायल्याबद्दलचे होते. पुढे २०१७ मध्ये त्याने मुलाखतीत सांगितले की शाळकरी वयापासून त्याला नशेच्या गोळ्यांची सवय होती आणि जवळजवळ प्रत्येक सामन्याआधी तो काही ना काही घेत असे. आता तेवढे ध्यानात ठेवून ते २६१ यार्ड पुन्हा पाहावेत. मला त्यात पराक्रमापेक्षा आजारी मुलगा आधी दिसतो.

दुसरा मुद्दा कार्टरचा. सर, कार्टर ‘सुधारला’ एवढेच लिहून चालणार नाही. व्हायकिंग्जकडे एक समुपदेशक बाई होत्या. त्यांनी त्याला जन्मभराची शपथ घातली नाही, ‘एक आठवडा न पिता राहून दाखव’ एवढेच सांगितले. तो आठवडा त्याने काढला आणि तिथून पुढची सगळी वर्षे उभी राहिली. आमच्या केंद्रातही आम्ही माणसाला आजचा दिवस मागतो, फार तर आठवडा मागतो, कारण जन्माची शपथ घेऊन गेलेले बहुतेक जण आठ-पंधरा दिवसांत परत आलेले मी पाहिले आहेत. गॉर्डनवरही अनेकांनी प्रयत्न केले, तो उपचारांना गेला, २०१७ च्या डिसेंबरमध्ये परतला, २०१८ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये चांगला खेळला आणि वर्षअखेर पुन्हा बाहेर पडला. पुनःपुन्हा घसरणे हा या आजाराचा स्वभावच आहे. एकाला वेळेवर हात मिळाला आणि लागू पडला, दुसऱ्याला लागू पडला नाही. कार्टरचे चित्र लावून गॉर्डनचे काढून टाकणे म्हणजे बरा झालेला रोगी तेवढा दवाखान्याच्या दारात उभा करण्यासारखे आहे.

येळ्ळूरकर

वरच्या दोघांनी पुष्कळ लिहिले आहे, मी थोडक्यात माझे म्हणणे मांडतो. मी तालमीत वाढलेला माणूस आहे, अमेरिकन फुटबॉल मी या चर्चेमुळेच पाहिला. एक गोष्ट शोधून वाचली आणि ती मला महत्त्वाची वाटते. कँटनच्या त्या हॉल ऑफ फेमच्या निवडकर्त्यांनी खेळाडूची केवळ मैदानावरची कामगिरी पाहावी, असा तिथला नियम आहे. बेसबॉलच्या तशाच संस्थेच्या नियमात सचोटी आणि चारित्र्य यांचा स्पष्ट उल्लेख आहे, फुटबॉलच्या नियमात नाही. म्हणजे गॉर्डनसाठी कँटनचे दार व्यसनाच्या नावाखाली कोणी बंद केलेले नाही. तरीही तो तिथे जाणार नाही, कारण त्याचे उभ्या कारकिर्दीचे यार्ड मिळून ४,२८४ भरतात आणि त्यांतले १,६४६ त्या एकाच वर्षाचे आहेत.

आता हिशेब पाहा. व्यसनाने त्याचे जे काही घ्यायचे ते आकड्यांतूनच घेतले आहे. चौदा सामन्यांत हे करणारा मुलगा आठ-दहा वर्षे सलग खेळला असता तर काय झाले असते, हे कोणीही सांगू शकेल. ती वजाबाकी होऊन गेली आहे. जे शिल्लक उरले त्यातून तेच व्यसन पुन्हा वजा करणे म्हणजे एकाच उधारीचे पैसे दोनदा वसूल करणे होय. शंभर रुपयांच्या इनामाची कुस्ती जिंकलेल्याला आम्ही हजाराच्या जोडीत बसवत नाही, परंतु त्याने शंभराची कुस्ती जिंकलीच नाही, असेही तालमीत कोणी म्हणत नाही.

नशेत गाडी चालवण्याचा मुद्दा मात्र निराळा आहे. त्याची भरपाई कोणत्याही यार्डांनी होत नाही आणि तो खेळाच्या वहीत मांडताच येणार नाही. तो वेगळ्या पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत लिहावा.

निवृत्त क्रीडाशिक्षक, खानापूर

येळ्ळूरकरांचा हिशेब मला पटला, फक्त त्यात एक बाजू राहिली आहे. जी वर्षे वजा झाली ती एकट्या गॉर्डनची नव्हती. त्या संघात घाम गाळणाऱ्या इतरांचीही ती वर्षे होती, आणि त्यांची नावे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाहीत. कार्टरविषयी निपाणीकरांनी लिहिलेले मला माहीत नव्हते. माझ्या त्या मुलाला मी कधी एक आठवडा मागितला नाही. चित्र काढून टाका, हे माझे म्हणणे मी मागे घेतो. लेख मात्र चारही पानांसह लावावा, पहिल्या दोन पानांवर थांबू नये.

शिक्षिका, टिळकवाडी

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. आज मुलाला बसवून ही सारी चर्चा वाचून दाखवली. त्याने १६ आणि १३.६३ हे आकडे स्वतःहून टिपून घेतले आणि तपासणीच्या दोन बाटल्यांचे छोटे चित्र काढायचे ठरवले. नशेत गाडी चालवण्याचा प्रसंग त्याने मूळ लेखात एका ओळीत उरकला होता. त्यावर आता स्वतंत्र परिच्छेद लिहिला आहे आणि त्याची सुरुवात त्याने “हे मला आवडले नाही” अशी केली आहे. मी त्यातला एकही शब्द बदललेला नाही. ज्येष्ठ सहकाऱ्यांना नवा लेख दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि लेखाचे नाव ‘माझा आवडता खेळाडू’ हेच असू द्या म्हणाले.

मुख्य चित्र जॅक्सनव्हिलविरुद्धच्या, म्हणजे त्या २६१ यार्डांच्या सामन्यातील ९५ यार्डांच्या टचडाउनचे आहे. हेल्मेट नुसते नारिंगी रंगवलेले पाहून मी त्याला संघाचे चिन्ह काढायला सांगितले, तेव्हा त्याने मला सांगितले की ब्राउन्सच्या हेल्मेटवर चिन्ह नसतेच. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात त्याने धावफलक काढला आहे आणि त्यावर सामन्याचा शेवटचा निकाल लिहिला आहे : जॅक्सनव्हिल ३२, क्लीव्हलँड २८. सोमवारी परिपाठानंतर भित्तिपत्रक लागेल.