पावसाळी लाटा बघणं (आणि फोटोत पकडणं): तुमचे अनुभव

मोगरीची_वेणी
काल रात्रभर वारा होता. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवरून बोट फिरवून जिभेला लावलं, चक्क खारट! गोव्यात करंजाळ्याला समुद्राजवळ राहायचं तर जूनमध्ये हे आलंच, ग्रिल दर दिवाळीला रंगवावी लागते. पण त्या चवीने बाबा आठवले. ते खनिजाच्या बार्जवर होते. पाऊस लागला की मांडवीच्या तोंडाशी आग्वाद बारवर लाटा फुटायच्या, मग बार्जी बाहेरून न जाता कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरून मुरगाव बंदर गाठायच्या. सुट्टी असली की बाबा आम्हाला मिरामारला न्यायचे, लाटा दाखवायला. "तिथे पाण्याखाली रेतीचा दांडा आहे, म्हणून मध्येच फुटते बघ." किनाऱ्यापासून इतक्या लांब भर पाण्यात पांढरी रेघ उठायची आणि आडवी पळत सुटायची. याशिका कॅमेरा होता त्यांचा. रोलमधले एखाददुसरे फोटो लाटेच्या वाट्याला, बाकी मुंजीसाठी राखून. त्यातला एक अजून आहे. राखाडी आकाश, राखाडी पाणी, मध्ये पांढरा ओरखडा. पाहुणे विचारतात, यात काय आहे?

तुम्ही कुठे बघता लाटा? फोटो काढता का? येऊ द्या सविस्तर.

खडपावरचा
हणजूण. दुसरीकडे जायची गरजच नाही. पावसाळ्यात रेती आत ओढली जाते आणि खालची खडपं उघडी पडतात, ती दिवाळीनंतर हळूहळू परत झाकली जातात. लाट जांभ्याच्या फटीत शिरते, क्षणभर काहीच होत नाही, मग पलीकडच्या भोकातून फस्सकन तुषार. त्या क्षणभराची वाट बघण्यातच सगळी मजा.

आमची आजी म्हणायची सातवी लाट मोठी. मी मोजून बघितलं, कधी पाचवी, कधी अकरावी. पण घोळक्याने येतात हे खरं. वेगवेगळ्या लांबीच्या लाटा एकमेकींवर चढल्या की काही वेळ मोठ्याच मोठ्या, मग पाणी गप्प. लोक गप्प पाणी बघून कॅमेरा बॅगेत टाकतात.

शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं की थेंब न् थेंब सुटा दिसतो, अर्ध्या सेकंदावर नेलं की सगळं दुधाळ. सध्या दुधाळाची फॅशन आहे. मला दोन्ही आवडत नाही. साठ ते सव्वाशेच्या दरम्यान पाणी किंचित हललेलं येतं, ते मला खरं वाटतं.

आणि खडप ओलं दिसलं म्हणजे लाट तिथवर येऊन गेलेली असते. कोरड्या दगडावर, तेही बरंच मागे. तोंड समुद्राकडे.

तिसऱ्यांचं_सुकं
खडपं म्हटलं की मला फक्त त्यांना चिकटलेले शिंपले, शिनाणे आठवतात 😋 रवा लावून तळलेले. फोटो वगैरे नंतर.

खडपावरचा
@तिसऱ्यांचं_सुकं पावसात शिनाणे काढायला उतरू नका हो! बाजारातून आणा.

दुपारची_बस
फोटोत लाट बारकी का येते पण??? समोर केवढी असते

माडाखालचा
@दुपारची_बस कारण शेजारी काही नसतं. पाणी आणि आकाश एवढंच असलं की गुडघ्याएवढी आणि माडाएवढी सारखीच दिसते. खाली बसून काढ, दूरची लेन्स लाव, चौकटीत माणूस, होडी, काहीतरी येऊ दे.

आम्हाला कांदोळीला ती सोय आयती होती. रिव्हर प्रिन्सेस! २००० च्या जूनमध्ये जहाज येऊन रुतलं ते दहा वर्षांहून जास्त तिथेच गंजत राहिलं. लाट त्या पत्र्यावर आपटली की गोदामाचं दार कोणीतरी आतून ढकलल्यासारखा आवाज यायचा. पाणी पार डेकवरून पलीकडे. शेवटी तोडून नेलं, किनाऱ्याच्या दृष्टीने उत्तमच झालं, पण आमच्या लाटांचं माप गेलं. आता तिथे फोटो काढतो तो कुठल्याही गावचा वाटतो.

पेडण्याची_सून
केरी. सुरूंच्या झाडांखाली उभं राहायचं, पलीकडे तेरेखोलचा किल्ला. नदी आणि समुद्र भेटतात तिथे लाटा सरळ येतच नाहीत, तिरक्या एकमेकींत घुसतात आणि मध्ये टोक वर उडतं. मी मोबाईलवर धडाधड काढते. अहोंचं ठरलेलं वाक्य: "सगळ्या सारख्याच आहेत, एक ठेव, बाकीच्या उडव." मी म्हटलं, तुमचे क्रिकेटचे सामनेपण सारखेच असतात.

माडाखालचा
@पेडण्याची_सून 😂😂 मग काय म्हणाले?

पेडण्याची_सून
चहा मागितला.

शिट्टी
जरा गंभीर लिहितो, चालवून घ्या. कळंगुटला लेन्स लावून बसलो होतो. एक कुटुंब आलं, लाटा जोरात फुटत होत्या ती जागा सोडून मुद्दाम शेजारच्या गुळगुळीत पट्टीत उतरलं. वरून बघितलं तर ती पट्टी गढूळ होती आणि फेस बाहेरच्या दिशेने चालला होता. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत जातं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. मी ओरडेपर्यंत जीवरक्षक शिट्टी मारत पोचला होता, सगळे सुखरूप. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे हात मारून दमू नका, आडवे पोहा, पट्टी अरुंद असते. आणि लाल बावटा असेल तर उतरूच नका ना बाबांनो. २०१८ मध्ये सेल्फी बंदीच्या जागा ठरवल्या त्या उगाच नाहीत.

दुपारची_बस
बापरे. मला तर ती गुळगुळीत जागाच बरी वाटली असती

पंचांगवाले
वेळ कशी बघता? आमच्याकडे तिथीला पाऊणने गुणतात. अष्टमी असेल तर भरती सहाला, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. हे गणित मुंबई-अलिबागकडचं, आपल्या मुरगावला त्याच्या थोडं आधीच पाणी भरतं. उधाणाच्या दिवशी दोनापावलाला भरतीच्या तासभर आधी जाऊन बसायचं.

नातू_नं_२
@पंचांगवाले काका, मोबाईलवर मिनिटासकट कळतं हो आता.

पंचांगवाले
कळतं ना. बॅटरी संपली की मला फोन करा.

बेतूलकर
मे महिन्यातल्या लाटांबद्दल कोणीच लिहिलं नाही. आकाश स्वच्छ, झाडाचं पान हलत नाही, आणि समुद्र मात्र होड्यांपर्यंत चढलेला. पार दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा असतात त्या, दिवसेंदिवस प्रवास करून इथे पोचतात. केरळात कळ्ळकडल म्हणतात. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या संस्थेकडून आगाऊ इशारा येतो, मग सगळे मिळून होड्या वर ओढतात. फोटोला सर्वात छान याच लाटा, लांबलचक आणि गुळगुळीत. पण दोरी ओढायला हात द्या आधी, मग काढा.

पापडाचा_डबा
कॅमेऱ्याचं कोणीतरी सांगा की. खाऱ्या तुषारांनी काच लगेच धुरकट होते. आधी कोरड्या फडक्याने खसखसून पुसू नका, मिठाचे कण काचेवर चरे पाडतात. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं आधी हलकेच, मग कोरडं. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावून ठेवला तर लेन्स वाचते. आणि गोव्याच्या दमट हवेत बुरशी ठरलेलीच, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. आमच्याकडे त्यासाठी माझा पापडांचा डबा गेला. लेन्स कोरडी ठणठणीत, पापड मऊ.

मोगरीची_वेणी
@पापडाचा_डबा 😄 आयडी आता कळला. बाबांच्या याशिकाला पण आत बुरशीच आहे, जाळीदार.

पापडाचा_डबा
@मोगरीची_वेणी पणजीत जुने कॅमेरे उघडून साफ करणारा कोणी आहे का बघ गं. घरी उघडू नकोस.

तिसऱ्यांचं_सुकं
बेतूलकर, मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंतच ना?

बेतूलकर
हो, १ जूनपासून दोन महिने. ट्रॉलर सगळे बंद. तोवर नदीतलं काय मिळेल ते.

पेडण्याची_सून
आमच्याकडे सुके बांगडे आणि सुंगटं (कोळंबी) आहेत पुरुमेंताच्या फेस्तातली, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या जत्रेतली. त्यांचं किसमूर, सुक्या मासळीची कोशिंबीर, रोज.

दुपारची_बस
@पेडण्याची_सून मी पुण्यात आहे, पार्सल पाठवता का? वासाचं शेजाऱ्यांना मी समजावते