‘रक्तातच आहे’ म्हणून स्थळ मोडायचं का?

पाऊलवाट
नात्यातल्या एका मुलाचं ठरत आलेलं लग्न मोडलं. वडील दारूपायी गेले, म्हणून ‘रक्तातच आहे, हाही त्याच वाटेनं जाणार’ असं मुलीकडचे म्हणाले. मुलगा थेंबाला शिवत नाही. मला हा अन्याय वाटतो.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. त्यातल्या मुलग्यांवर २००२ साली निबंध आला. मेंदूतली काही रसायनं मोडणारं एमएओए हे एन्झाइम ज्यांच्यात जनुकामुळे जन्मतः कमी, शिवाय लहानपणी ज्यांचे हाल झाले, असे मुलगे १२ टक्केच होते. हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षांत मात्र त्यांचा वाटा ४४ टक्के. तेच जनुक असून धड घरात वाढलेले मुलगे इतरांसारखेच निघाले.

दवबिंदू
एका जनुकाच्या गोष्टी जपून सांगा. याच संशोधकांनी २००३ साली सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी निगडित एक जनुक आणि नैराश्य यांचं असंच नातं मांडलं होतं. पुढे मोठ्या अभ्यासांत ते टिकलं नाही. स्वभावामागे हजारो जनुकं असतात, एकेकाचा वाटा इवलासा.

आणि सगळं परिस्थितीवर ढकलू नका. माझ्या भावाला विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. ‘तूच लाडावून ठेवलास’ हे आईनं किती वर्षं ऐकलं! डॉक्टरीणबाईंनी आनुवंशिकता समजावली, तेव्हा आईनं त्यांना तेच पुन्हा दोनदा सांगायला लावलं.

गावकूस
ताई, तुमच्या आईचं दुःख कळतं. पण ‘रक्तात’ या शब्दानं आमच्या पिढ्या खाल्ल्या. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत वाढले. रोज हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटका झाली म्हणतात, पण वर्गात पेन हरवलं की त्यानंतरही आधी माझ्या वडिलांचं दप्तर उलटं व्हायचं. कुणाचं जनुक तपासलं होतं हो? उद्या तपासणी आली, तर पहिली कुणाची होईल?

दवबिंदू
दादा, ते विज्ञान नव्हतंच, जातीचा शिक्का होता. माझं म्हणणं एवढंच, की जनुकीय म्हणजे अटळ नव्हे. एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तरी निम्म्याहून जास्त वेळा दुसऱ्याला होत नाही. फेनिलकिटोन्युरिया तर निखळ जनुकीय आजार. तान्हेपणीच ओळखून फेनिलॲलनिन हा प्रथिनांतला घटक कमी असलेला आहार सुरू केला, की मुलाची बुद्धी शाबूत राहते. ताटातला बदल, जनुक तेच.

गावकूस
हे पटलं. पण ते ताट कुणाला मिळतं, तेही याच चर्चेत यायला हवं. आमच्या पालावरच्या बाळाची तपासणी कोण करतं?

पाऊलवाट
दवबिंदू, एक कबूल करतो. दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा मानतात, तो मी सोयीनं गाळला. पण तो आकडा लोकसमूहातल्या फरकांचा आहे. या एका मुलाचं भविष्य त्यातून निघत नाही. त्याला जोखीम आहे, आणि ती ओळखूनच तो पेल्यापासून लांब राहिलाय. रविवारी मुलीच्या वडिलांकडे जातोय. त्यांना हेच सांगणार आहे, जोखमीसकट.