हिरवळीवरचा सर्वश्रेष्ठ सामना कोणता: २००८ की १९८०?

मूळ मत

विम्बल्डनचा विषय निघाला की २००८ च्या पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्याला, म्हणजे राफाएल नदालने रॉजर फेडररला ६-४, ६-४, ६-७, ६-७, ९-७ असे हरवले त्या लढतीला, हिरवळीवरचा सर्वश्रेष्ठ सामना म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो सामना थोर होता, याविषयी माझे दुमत नाही. मात्र त्याच्या थोरवीत हिरवळीचा वाटा किती, हा माझा प्रश्न आहे. २००१ पासून विम्बल्डनच्या कोर्टांवर केवळ बारमाही रायग्रास पेरले जाते; त्यापूर्वी त्यात सुमारे तीस टक्के फेस्क्यू जातीचे गवत मिसळलेले असे. या बदलानंतर चेंडू अधिक एकसारखा उसळू लागला आणि सर्व्हिस करून लगेच नेटकडे धावणाऱ्याला पूर्वी मिळणारा लाभ आटत गेला. २००८ मध्ये दोघेही बहुतांश वेळ बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, झुंजले. तशीच लढत अन्य कोर्टवरही झाली असती.

१९८० च्या अंतिम सामन्याविषयी असे म्हणता येणार नाही. ब्यॉर्न बोर्ग हा स्वभावाने बेसलाइनचा खेळाडू, पण विम्बल्डनसाठी त्याने सर्व्हिसमागोमाग पुढे जाण्याची सवय अंगी बाणवली होती. समोर डावखुरा जॉन मॅकेन्रो, ज्याची सर्व्हिस प्रतिस्पर्ध्याला कोर्टबाहेर खेचत असे. चौथ्या सेटच्या ३४ गुणांच्या टायब्रेकमध्ये (६-६ अशा बरोबरीनंतर सेट ठरवणाऱ्या निर्णायक गेममध्ये) मॅकेन्रोने पाच चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे बोर्गला विजेता ठरवू शकणारे गुण, वाचवले आणि तो १८-१६ असा जिंकला. त्याआधी याच सेटमध्ये त्याने आणखी दोन वाचवले होते. विजय असा सात वेळा हातातून निसटल्यावर कोणीही खचला असता. बोर्गने पाचव्या सेटमधील आपल्या पहिल्या सर्व्हिस गेममध्ये सुरुवातीचे दोन गुण गमावले, पण त्यानंतर संपूर्ण सेटमध्ये स्वतःच्या सर्व्हिसवर आणखी फक्त एकच गुण दिला आणि ८-६ असा सेट जिंकून सलग पाचवे अजिंक्यपद मिळवले. मला तरी याहून मोठे धैर्य कोणत्याही कोर्टवर दिसलेले नाही.

प्रतिसाद १

‘तशीच लढत अन्य कोर्टवरही झाली असती’ हे विधान मला मुळीच मान्य नाही, कारण ती लढत अन्य कोर्टवर जेमतेम महिनाभर आधी झालेली होती. पॅरिसच्या लाल मातीवर नदालने याच फेडररला ६-१, ६-३, ६-० असे हरवले, म्हणजे तीन सेटमध्ये फेडररला चारच गेम मिळाले. तेच दोघे हिरवळीवर आले तेव्हा निकालासाठी ४ तास ४८ मिनिटे लागली. हा फरक हिरवळीनेच घडवला. फेडररची सर्व्हिस तिथे टप्पा पडल्यावर झपकन निघून जात असे आणि दोन सेटची पिछाडी असताना तिनेच त्याला तारले. चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये ७-८ वर, पराभव एका गुणावर असताना, त्याने बॅकहँडने रेषेलगत, नदालच्या आवाक्याबाहेरून काढलेला पासिंग फटका मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो.

शिवाय पावसाने दोनदा खेळ थांबवला, सेंटर कोर्टवर तेव्हा छप्पर नव्हते आणि शेवटचा गुण खेळला गेला तेव्हा रात्रीचे सव्वानऊ वाजून गेले होते. त्या अंधारात ७-७ वर नदालने फेडररची सर्व्हिस भेदली, म्हणजे त्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकला. ४० सामने विम्बल्डनवर सलग जिंकलेल्या खेळाडूला त्याच्याच अंगणात हरवणे यापेक्षा हिरवळीची मोठी परीक्षा कोणती?

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

पॅरिसचा दाखला बिनतोड आहे आणि माझे ते वाक्य मी मागे घेतो. नेटवरचा खेळ मात्र त्या दिवशी दुय्यम होता, हे तुम्हीही नाकारणार नाही.

प्रतिसाद २

आपण दोघेही पुरुषांच्या सामन्यांपुरतेच बोलत आहात, याचे मला वाईट वाटते. नेटवरचा खेळ हाच निकष असेल, तर १९७० चा महिलांचा अंतिम सामना आधी आठवायला हवा होता. मार्गारेट कोर्टने बिली जीन किंगला १४-१२, ११-९ असे हरवले. विम्बल्डनवर टायब्रेक १९७१ मध्ये आला, त्यामुळे दोनच सेटमध्ये ४६ गेम खेळले गेले. एकीचा घोटा दुखावलेला, दुसरीचा गुडघा, आणि तरीही दोघी जवळजवळ अडीच तास पुढे धावून व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेले फटके) मारत राहिल्या. मार्गारेटने त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या. त्यांतील सर्वांत कठीण विजय मी याला मानते.

प्रतिसाद ३

चर्चा विम्बल्डनबाहेर जात नाही, म्हणून कलकत्त्याच्या साउथ क्लबची हिरवळ पुढे ठेवतो. डिसेंबर १९६६, डेव्हिस चषक या देशादेशांमधील सांघिक स्पर्धेची आंतरविभागीय अंतिम लढत, भारत आणि ब्राझील २-२ बरोबरीत. निर्णायक सामन्यात रामनाथन कृष्णन हे ब्राझीलच्या थोमाझ कॉखविरुद्ध दोन सेटला एक असे मागे होते आणि चौथ्या सेटमध्येही २-५ ने पिछाडीवर होते. ताकदीपेक्षा हातातील कौशल्यावर खेळणाऱ्या कृष्णन यांनी तो सेट ७-५ आणि पाचवा ६-२ असा जिंकला, आणि भारत प्रथमच चॅलेंज राउंडला, म्हणजे गतविजेत्याविरुद्धच्या अंतिम लढतीला, पोहोचला. तिथे ऑस्ट्रेलियाने मेलबर्नच्या हिरवळीवर आपल्याला ४-१ असे हरवले, पण तो एक गुण कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकोम्ब-रोश या जोडीला दुहेरीत हरवून मिळवला होता.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

१९७० चा सामना माझ्या निकषावर १९८० च्या तोडीस तोड उतरतो, हे मोकळेपणाने मान्य करतो. कृष्णन यांची लढत मी विसरायला नको होती. तरीही बोर्गच्या त्या पाचव्या सेटवरून माझे मन हलत नाही.