मदत हवी आहे: वेर्ण्यातल्या कारखान्याच्या कूलिंग टॉवरला एसटीपीचे (मलनिस्सारण प्रकल्पाचे) पाणी घ्यावे का?

युटिलिटीवाला

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत प्लास्टिक मोल्डिंगच्या एका कारखान्यात मी युटिलिटी बघतो. म्हणजे चिलर, कॉम्प्रेसर, जनरेटर, पंप, आणि पाणी आले नाही की सगळ्यांची बोलणी खाणे.

अडचण अशी. मोल्डिंगचे गरम झालेले पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरमध्ये तासाला १५० घनमीटर पाणी फिरते, जाता-येता तापमानात ५ अंशांचा फरक. वाफ होऊन उडते आणि ब्लोडाउनमध्ये (क्षार साचलेले पाणी सोडून देताना) जाते ते भरून काढायला रोज साधारण ४० हजार लिटर नवे पाणी लागते. नळाचे पाणी साळावली धरणाहून येते. पावसात आणि दिवाळीपर्यंत तक्रार नसते, पण एप्रिल-मे आला की दाब पडतो आणि आम्ही टँकर मागवतो. हे टँकर कुठल्या ना कुठल्या गावच्या विहिरीवर भरतात. गेल्या उन्हाळ्यात एका गावात लोकांनी टँकर अडवला. त्यांचे काय चुकले? त्यांच्याच विहिरी तळ गाठत होत्या.

आता एक पुरवठादार म्हणतो, शहराच्या मलनिस्सारण प्रकल्पातले प्रक्रिया केलेले पाणी विहिरीच्या टँकरपेक्षा बऱ्याच कमी दरात पोचवतो. खरेदीवाले खूश. गुणवत्ता विभाग नको म्हणतो, पण का ते सांगत नाही. ऑपरेटर म्हणतात, संडासाचे पाणी आमच्या अंगावर उडणार. टॉवरच्या खालच्या बाजूला गेटजवळ तुळशीवृंदावन आहे आणि वारा फिरला की टॉवरचे तुषार थेट तिथे पडतात, त्यामुळे हा विषय चहाच्या टेबलावरून हलतच नाही.

पुरवठादाराने प्रयोगशाळेचा रिपोर्ट दिला आहे. पीएच ७.२, बीओडी (पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचे माप) ८, निलंबित घन पदार्थ १०, कोलिफॉर्म (मैल्याची खूण देणारे जंतू) मर्यादेत. खाली सही-शिक्का. चिलरच्या कंडेन्सरमधल्या नळ्या तांब्याच्या आहेत.

एवढ्या कागदावर हो म्हणू का? आणि म्हटले तर पुढे काय काय करावे लागेल? जाणकारांनी कृपया सांगावे. देव बरे करो.

जांभाचिरा

युटिलिटीबाब, माझी नोकरी मलनिस्सारण प्रकल्पावरच गेली, आता निवृत्त. म्हणून सरळ सांगतो.

तुमच्या हातात आहे तो रिपोर्ट हे पाणी नदीत सोडायला चालते का, याचे उत्तर देतो. तुमच्या टॉवरला चालते का, हे त्यात कुठेच नाही. बीओडी ८ म्हणजे प्रकल्प नीट चालतो. चांगली गोष्ट आहे, पण तुमच्या नळ्या बीओडीने सडत नाहीत. त्या सडतात क्लोराइड आणि अमोनियाने. रिपोर्टमध्ये ते दोन्ही नाहीत. टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) नाही, कडकपणा नाही, फॉस्फेट नाही, सिलिका नाही. हे आकडे आधी मागा.

अमोनिया तांब्याला आणि पितळेला खातो. शिवाय टॉवरमध्ये जंतू त्याचे नायट्रेट करतात, त्यात पीएच खाली येतो आणि गंज वाढतो. वर क्लोरीनची पंचाईत. अमोनिया असला की क्लोरीन आधी त्याच्याशी झगडते आणि मोकळे उरत नाही. मोकळे क्लोरीन दिसेपर्यंत ढोबळ हिशेबाने अमोनियातल्या नायट्रोजनच्या आठ ते दहा पट क्लोरीन ओतावे लागते. तो नायट्रोजन लिटरला ५ मिलिग्रॅम असला तर ४० ते ५० मिलिग्रॅम क्लोरीन. एवढे क्लोरीन टॉवरात रोज घालायचे म्हटले तर विहिरीचा टँकरच स्वस्त पडायचा. म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न हा: अमोनिया किती, आणि प्रकल्पाच्या हवेच्या टाकीत तो नीट मोडला जातो का? हवा पुरेशी दिली तर मोडतो. विजेचे बिल वाचवायला ब्लोअर कमी चालवले की पहिला वर चढतो तो अमोनियाच.

आता गोव्याची खास गोष्ट, जी बाहेरचा सल्लागार सांगणार नाही. आपली शहरे खाडीकाठी. गटारांचे सांधे जुने, आणि भरतीला खारे पाणी जमिनीतून पाइपमध्ये शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रकल्पावर येणाऱ्या पाण्याची चवच बदलते (चव घेऊन बघितलेली नाही, पाण्यातला खारेपणा दाखवणाऱ्या कंडक्टिव्हिटी मीटरचा काटा सांगतो). पावसात उलट, पावसाचे पाणी शिरून सगळे पातळ होते. त्यामुळे जुलैमध्ये घेतलेला एक नमुना दाखवून कोणी टीडीएस कमी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. नमुना मे महिन्यात घ्या, उधाणाच्या दिवशी, भरती ओसरल्यावर दोन-तीन तासांनी. आणि तो तुम्ही स्वतः घ्या, स्वतःच्या बाटलीत.

पावसाळी

मला कळत नाही, गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपण सांडपाण्याच्या गोष्टी करतो? छपरावरचे पाणी साठवा की. म्हादईसाठी एवढा वाद घालतो आपण, आणि घरचे पाणी समुद्रात सोडतो.

युटिलिटीवाला

पावसाळीबाब, हा हिशेब मीही केला होता. आमचे छप्पर साधारण २ हजार चौरस मीटर. तीन मीटर पाऊस, गळती-वाफ वजा जाता ८० टक्के धरला तर ४८ लाख लिटर. रोजच्या ४० हजारांनी भागिले तर बरोबर १२० दिवस. पण ते १२० दिवस जूनपासून सप्टेंबरपर्यंतचे, जेव्हा नळालाही भरपूर पाणी असते. मे महिन्यासाठी साठवायचे तर १२ लाख लिटरची टाकी हवी आणि जांभ्याच्या सड्यावर ती खोदायला मालक पैसे देणार नाहीत. तरीही पावसात टॉवरला छपराचेच पाणी द्यायचे हे पटले. ते मऊ असते, खपली धरत नाही, आणि तेवढे नळाचे वाचेल.

श्रीपेरंबुदूरचा_फोंडेकर

मी मूळ फोंड्याचा, गेली बरीच वर्षे चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरला एका वाहन कारखान्यात. आम्ही हेच पाणी वापरतो, म्हणून लिहितो.

चेन्नईत हे आवडीने झाले नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव कोरडे पडले. त्याच वर्षी कोयंबेडू आणि कोडुंगैयूर इथे प्रत्येकी ४५ एमएलडीचे (दिवसाला ४५ दशलक्ष लिटरचे) दोन तृतीयक प्रक्रिया प्रकल्प सुरू झाले. सांडपाणी नेहमीच्या प्रक्रियेनंतर अल्ट्राफिल्ट्रेशन (अतिसूक्ष्म गाळणी) आणि आरओमधून काढून पाइपलाइनने कारखान्यांना देतात. चेन्नईतल्याच मणलीच्या तेलशुद्धीकरण आणि खत कारखान्यांनी तर १९९० च्या दशकापासूनच शहराचे सांडपाणी घेऊन स्वतः शुद्ध करायला घेतले होते. सुरतेत २०१४ पासून पांडेसराच्या कापड प्रक्रिया कारखान्यांना ४० एमएलडीच्या प्रकल्पातून असेच पाणी जाते. नागपुरात भांडेवाडीहून कोराडीच्या वीजनिर्मिती केंद्राला. केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणात तर ५० किलोमीटरच्या आत सांडपाणी प्रकल्प असेल तर औष्णिक केंद्राने तेच पाणी वापरावे असे आहे. सिंगापूरमध्ये २००३ पासून चिप बनवणाऱ्या कारखान्यांना हेच पुरवतात, आणि चिपवाल्यांची पाण्याची नाटके औषधवाल्यांपेक्षा मोठी असतात.

या सगळ्यात एक समान धागा बघा. ग्राहक मोठा, एकाच ठिकाणी, बारा महिने घेणारा. त्याच्या भरवशावर पाइपलाइन बसते. वेर्ण्यात औषधाचे मोठे कारखाने आहेत, पण प्रत्येकाची मागणी छोटी आणि प्रत्येकाचा नियम वेगळा. औषधवाल्यांना तर शुद्ध पाणी बनवायला सुरुवातच पिण्यायोग्य पाण्यापासून करावी लागते, त्यामुळे ते हे पाणी टॉवर, बाग आणि शौचालयाच्या फ्लशपलीकडे नेणार नाहीत. तेवढेही खूप आहे. मडगावच्या शिरवडे प्रकल्पापासून वेर्ण्यापर्यंत अंतर दहा-बारा किलोमीटर. सगळ्या टॉवरांची मागणी एकत्र केली आणि औद्योगिक विकास महामंडळाने वसाहतीच्या तोंडाशी एक साठवण टाकी आणि तृतीयक प्रकल्प केला तर टँकरची भानगडच संपते. पण ते एकट्या कारखान्याचे काम नाही. वसाहतीच्या संघटनेला पत्र द्या, सोबत आकडे जोडा.

तुमच्यापुरते सांगायचे तर सगळे पाणी आरओमधून काढू नका. आरओ शंभरातले २५-३० लिटर रिजेक्ट करते आणि ते खारट पाणी कुठे सोडणार? प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात ते दाखवावे लागेल. टँकरच्या पाण्याला आधी वाळूचा फिल्टर आणि अल्ट्राफिल्ट्रेशन, मग नळाच्या पाण्यात मिसळा. निम्मे-निम्मे करून बघा. क्लोराइड फारच असेल तरच अर्ध्या भागाला छोटा आरओ.

युटिलिटीवाला

फोंडेकर, जांभाचिरा काका, खूप आभार. एक प्रश्न राहिला. मिसळल्यावरही टीडीएस वाढणारच. म्हणजे ब्लोडाउन वाढवावे लागेल. मग पाणी वाचले कुठे?

श्रीपेरंबुदूरचा_फोंडेकर

अगदी नेमका प्रश्न. तुमच्या आकड्यांवरच करून दाखवतो. १५० घनमीटर आणि ५ अंशांना वाफ साधारण तासाला १.१५ घनमीटर, दिवसाला २७-२८. हे कोणत्याही पाण्यात बदलत नाही. पाणी तीन सायकलपर्यंत घट्ट होऊ दिले, म्हणजे क्षार नव्या पाण्याच्या तिप्पट होईपर्यंत फिरवले, तर मेकअप (रोजचे नवे पाणी) ४१ घनमीटर, म्हणजे तुमचे आत्ताचेच. पाच सायकल जमल्या तर ३४-३५. आणि खारे पाणी म्हणून दोनच सायकलवर सोडावे लागले तर ५५. म्हणजे वाईट पाणी घेऊन तुम्ही दिवसाला दीड टँकर जास्त मागवाल आणि तो गटारात सोडाल. पुरवठादाराचा दर लिटरमागे स्वस्त असला तरी टॉवरमागे नसेल. म्हणून करारात लिटरचा दर लिहिण्याआधी क्लोराइड आणि कंडक्टिव्हिटीची कमाल मर्यादा लिहा. टँकर आला की गेटवर मीटर बुडवायचा, वर गेला तर परत.

टाकीवाली

मी ताळगावला राहते, कारखान्याशी संबंध नाही, पण आमच्या सोसायटीत बागेला असे पाणी घेतो म्हणून सांगते. तुमच्या लोकांची भीती हसण्यावारी नेऊ नका. टॉवरचे तुषार म्हणजे श्वासात जाणारे पाणी, त्यातून लेजिओनेला (न्यूमोनिया करणारा जंतू) पसरतो. आणि तो फक्त सांडपाण्याचाच प्रश्न नाही, आज नळाचे पाणी असले तरी आहे. ड्रिफ्ट एलिमिनेटर (तुषार अडवणाऱ्या पट्ट्या) शेवटचे कधी बदलले ते बघा. आमच्याकडे माळी हातमोजे घालूनच व्हॉल्व्ह उघडतो, सकाळी लोक फिरायला यायच्या आधी. तुळशीचे म्हणाल तर वृंदावन दुसऱ्या बाजूला हलवायला फार खर्च येत नाही, आणि पुढच्या वर्षी चर्चाही होणार नाही.

जांभाचिरा

टाकीवाली ताई बरोबर बोलल्या. नवीन एलिमिनेटर बसवा आणि ऑपरेटरना मोकळे क्लोरीन मोजायची पट्टी स्वतःच्या हातात द्या. रोज सकाळी त्यांनीच बघायचे, त्यांनीच वहीत लिहायचे. माणूस जे स्वतः मोजतो त्याला घाबरत नाही, हे मी प्रकल्पावर पाहिले आहे.

युटिलिटीवाला

ठरवले ते लिहितो. आत्ता सही करत नाही. पुरवठादाराला अमोनिया, क्लोराइड, कंडक्टिव्हिटी, फॉस्फेट, कडकपणा आणि सिलिका यांचे आकडे मागितले आहेत, आणि येत्या पौर्णिमेला प्रकल्पावर जाऊन नमुना घेतो. आकडे बरे आले तर एका टॉवरवर निम्मे-निम्मे मिसळून चालवून बघू. वसाहतीतल्या दोन शेजाऱ्यांशी बोललो, त्यांनाही रस आहे, पत्र तिघांच्या सहीने जाईल. टँकरबाबत अजून काही लक्षात ठेवायचे असेल तर सांगा.

जांभाचिरा

एक गोष्ट, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. जो टँकर हे पाणी आणतो त्याने पुन्हा पिण्याचे पाणी कधीही आणू नये. भूजल कायद्याखाली नोंदवलेले विहिरीचे टँकर वेगळे, हे वेगळे. उन्हाळ्यात टँकर कमी पडले की चालक दोन्ही धंदे एकाच टाकीत करतो. करारात लिहा की टँकर याच कामाचा, मोठा पट्टा रंगवलेला. तुमच्याकडे उतरवायच्या पाइपचे कपलिंग पिण्याच्या पाण्याच्या कपलिंगपेक्षा वेगळ्या मापाचे ठेवा, म्हणजे रात्रपाळीला झोपेत कोणी चुकीच्या टाकीला जोडायला गेला तर ते बसणारच नाही. आणि नळाचे पाणी त्या टाकीत सोडताना पाइप वरून, पाण्याला न टेकता, म्हणजे हे पाणी नळाच्या लाइनीत उलटे शिरणार नाही. व्हॉल्व्हवर भिस्त नको, व्हॉल्व्ह गळतात.