मदत हवी आहे: जनरल सालाँचा जीव वाचवणारा वकील तिक्सिए-विन्यांकूर

नमस्कार मंडळी,

आमच्या वकिलांच्या अभ्यासगटात मला 'राजकीय खटले आणि बचावाचा वकील' या विषयावर बोलायचं आहे. त्यासाठी ज्याँ-लुई तिक्सिए-विन्यांकूर हा फ्रेंच वकील निवडलाय. इथे फ्रेंच येणारे, फ्रान्समध्ये राहणारे आणि तिथला इतिहास मन लावून वाचणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा.

नाव नवीन असेल तर थोडी ओळख. जन्म पॅरिसचा, १९०७ चा. पेशा वकिली, राजकारण कडव्या उजव्या बाजूचं. १९३६ मध्ये खासदार झाला. जर्मनीकडून फ्रान्स हरल्यावर, १० जुलै १९४० रोजी विशी गावात मार्शल पेताँच्या हाती सर्वाधिकार देण्याच्या बाजूने ५६९ मतं पडली, त्यात याचंही होतं. पुढे पेताँच्या, म्हणजे जर्मनीशी हातमिळवणी करणाऱ्या विशी सरकारात रेडिओ आणि सिनेमाचं काम पाहिलं. युद्धानंतर त्याला दहा वर्षं निवडणूकबंदी झाली. १९५६ ला पुन्हा निवडून आला, १९५८ ला पडला. हा भाग मी लवकर उरकणार आहे, पण गाळणार नाही. पेताँला दिलेलं मत ही किरकोळ बाब नव्हे.

माझा खरा जीव अडकलाय तो १९६२ च्या मे महिन्यात. अल्जीरिया फ्रान्सच्या हातून जाऊ नये म्हणून बाँबस्फोट आणि खून करणाऱ्या 'ओएएस' या गुप्त संघटनेचा प्रमुख जनरल राऊल सालाँ एप्रिलमध्ये अल्जिअर्सला पकडला गेला. त्याचा बचाव तिक्सिए-विन्यांकूरने केला. सालाँचा उजवा हात जनरल झुओ याला, सालाँचा खटला ज्याच्यापुढे चालला त्याच विशेष लष्करी न्यायाधिकरणाने नुकतीच मृत्युदंडाची शिक्षा दिली होती. हाताखालच्याला मृत्युदंड, मग म्होरक्याला दुसरं काय मिळणार? आणि २३ मे रोजी निकाल आला तो जन्मठेपेचा! न्यायाधीशांनी सालाँला दोषी धरलं, पण शिक्षा सौम्य करण्याजोगी परिस्थिती होती, असं मान्य केलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष द गोल इतके संतापले की काही दिवसांत ते न्यायाधिकरणच बरखास्त झालं. त्याजागी आलेलं नवं लष्करी न्यायालय ऑक्टोबरमध्ये कौन्सिल द'एताने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, बेकायदा ठरवलं. झुओलाही शेवटी मारता आलं नाही. म्होरक्या जिवंत असताना दुय्यमाला गोळ्या कशा घालणार?

इथे पहिला प्रश्न. सौम्य शिक्षेचं कारण निकालात लिहिणं त्या न्यायाधिकरणाला बंधनकारक होतं का, की प्रश्नांना नुसतं 'होय' किंवा 'नाही' म्हणून भागत होतं? तिथल्या फौजदारी प्रक्रियेची माहिती असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावं. बचावाच्या युक्तिवादातला नेमका कोणता मुद्दा लागू पडला, हे मला त्यावरून मांडायचं आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण पुढच्याच वर्षीचं. ऑगस्ट १९६२ मध्ये प्ती-क्लामारला द गोल यांच्या गाडीवर गोळीबार झाला. त्या कटाचा सूत्रधार लेफ्टनंट कर्नल बास्तियाँ-तिरी याच्या बचावाच्या फळीतही हाच वकील होता. त्या वेळी मात्र यश आलं नाही. ११ मार्च १९६३ रोजी इव्रीच्या किल्ल्यात आरोपीला गोळ्या घातल्या गेल्या. हे दोन खटले शेजारी ठेवून कुणी अभ्यास केला असेल तर जरूर सांगा.

सालाँसाठी उभा राहिलेला वकील मला मनापासून मोठा वाटतो. त्याचं राजकारण मला मुळीच मान्य नाही. वकीलपत्र घेणं वेगळं आणि अशिलाचा झेंडा खांद्यावर घेणं वेगळं, हे आपण ज्युनिअरांना शिकवतो. या माणसाने दोन्ही केलं. १९६५ मध्ये तो थेट राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, प्रचाराची सूत्रं ज्याँ-मारी ल पेनकडे होती. मतं मिळाली ५.२० टक्के, साडेबारा लाखांहून थोडी जास्त. अल्जीरिया सोडून आलेले फ्रेंच जिथे वसले त्या दक्षिण किनाऱ्यावर जोर अधिक होता. जिल्हावार आकडे कुठे सापडतील?

दुसऱ्या फेरीत त्याने द गोल यांच्याविरुद्ध डाव्यांच्या मितराँना मत द्या, असं आवाहन केलं. मितराँवरच्या १९५९ च्या हल्ल्यानंतर 'हा बनाव मितराँनीच रचला' असं सांगणाऱ्या पेस्केचा वकील हाच होता! पुढे सालाँच्या खटल्यात मितराँ साक्षीला आले, तेही बचावाच्या बाजूने. मितराँ आणि या वकिलाचं नातं नेमकं कसं होतं, यावर विश्वासार्ह काही वाचलंय का कुणी? द गोल यांच्यावरचा राग एवढ्यानेच हे आवाहन समजून घ्यावं, असं मला पटत नाही.

ल पेनशी त्याचं निवडणुकीनंतर फाटलं. १९७२ मध्ये ल पेनच्या नेतृत्वाखाली नॅशनल फ्रंट हा कडव्या उजव्यांचा पक्ष उभा राहिला तेव्हा हा त्यात नव्हता. तरी ५.२० टक्क्यांतूनच त्या पक्षाची पुढची वाट निघाली, असं सरसकट म्हटलं जातं. जाणकारांना ते कितपत बरोबर वाटतं?

इंग्रजी साहित्य असेल तर उत्तम. फ्रेंच असेल तर निदान खटल्याच्या कामकाजाची पानं कुठली वाचावीत तेवढं सुचवा, मी शब्दकोश घेऊन बसेन. बैठक पुढच्या महिन्यात आहे.