फुलफ्रेमवर एकच प्राइम: ३५ की ५०?

गोदाकाठी
मंडळी, पाच वर्षं क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ मिमी वापरली, आता मोठ्या सेन्सरचा फुलफ्रेम घेतलाय. बजेट एकाच प्राइमचं, म्हणजे झूम नसलेल्या लेन्सचं. फोटो काढतो ते गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर), जुन्या नाशकातल्या वाड्यांत आणि रंगपंचमीला रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या दगडी हौदावर. बुधवारच्या बाजारात मित्राची ३५ लावून फिरलो, तेव्हापासून मन तिच्याकडेच ओढतंय. वाड्याच्या चौकात मागे सरकायला जागाच नसते हो, आणि ३५ मध्ये ५० पेक्षा जास्त मावतं. चुकतोय का?

काजळमाया_५०
चुकताय. दीडपट क्रॉपवरची ३५ म्हणजे फुलफ्रेमची साधारण ५२. म्हणजे तुमची नजर पन्नासचीच आहे, ती का मोडता? घाटावर ३५ लावली की दोरीवरचे कपडे, फ्लेक्स, गाड्या सगळं आत शिरतं. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ मुख्यतः ५० वरच काम करत राहिले.

ओसरी
त्यांना तिवंधा चौकातल्या रहाडीच्या गर्दीत उभं राहायचं नव्हतं! तीन मीटरवरून आडव्या फ्रेमची उंची ३५ ला दोन मीटर, ५० ला जेमतेम १.४४. रहाडीत उडी मारणारा ३५ मध्ये अख्खा येतो, काठावरच्या लोकांसकट. ५० मध्ये त्याचे पाय तरी जातील नाहीतर हात. शिवाय २४ मेगापिक्सेलमधून ५० एवढी चौकट कापली तरी १२ च्या आसपास उरतात. ५० ची ३५ करता येत नाही.

काजळमाया_५०
कापून चौकट मिळते, अंतर मिळत नाही. चेहऱ्याने फ्रेम भरायची तर ३५ घेऊन इतकं जवळ जावं लागतं की नाक मोठं दिसतं. आणि रामकुंडावर दशक्रियेला बसलेल्या माणसाच्या अंगावर जाऊन फोटो काढणार का? मला ते पटत नाही. तिथे खरं तर ८५ हवी.

ओसरी
इथे मात्र माझा ठाम विरोध. लांबून ८५ ने टिपलं तर त्या माणसाला कळतही नाही, आणि ते मला जास्त वाईट वाटतं. ३५ असेल तर समोर जावं लागतं, विचारावं लागतं. मला दोनदा नाही म्हणालेत, मी कॅमेरा खाली घेतला. विचारायला तोंड उघडत नसेल तर तो फोटो आपला नाही.

काजळमाया_५०
विचारणं मान्य. पण डोकं भादरलेल्या, नुकतेच वडील गेलेल्या मुलाला त्या क्षणी ‘काढू का’ विचारणंसुद्धा जड आहे. मी तिथे कॅमेरा बाहेरच काढत नाही.

गोदाकाठी
हे दोघांचंही ऐकून दशक्रियेचा भाग मी सोडलाच. वाडे आणि रहाड उरली, तिथे ३५ च. एफ १.८ वाली बघतोय, हलकी आहे. रहाडीवर रंगाच्या पाण्यापासून पुढची काच कशी वाचवता?

ओसरी
यूव्ही फिल्टर लावा, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी रबराने घट्ट बांधा आणि लेन्स तिथे बदलू नका.

काजळमाया_५०
पैसे देण्याआधी एक बुधवार ५० भाड्याने घेऊन बाजारात फिरा. एवढं माझं ऐका.