खासगी आयटीआयविरुद्धची तक्रार नेमकी कोणाकडे करावी?

प्रश्न (फिटर, दुसरे वर्ष)

मी विदर्भातील एका खासगी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकत आहे. दिवाळीपासून आमच्या तुकडीला निदेशक (शिकवणारे प्रशिक्षक) नाहीत. कार्यशाळेतील एक लेथ बंद आहे, दुसऱ्या लेथवर पाळीच येत नाही आणि न्यूमॅटिक्सचा (दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रणेचा) संच आम्ही आजवर पाहिलेला नाही. तरीही प्रात्यक्षिक वहीत सगळे जॉब (करायची प्रात्यक्षिक कामे) पूर्ण झाल्याचे दाखवून आमच्या सह्या घेतल्या जातात. ‘साहित्य खर्च’ म्हणून घेतलेल्या रकमेची पावती दिलेली नाही. प्राचार्यांना विचारले असता, ‘परीक्षेला बसायचे आहे ना?’ एवढेच उत्तर मिळाले. तक्रार कोणाकडे करावी आणि तिचा राग अंतर्गत गुणांवर निघणार नाही यासाठी काय करता येईल, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त गटनिदेशक)

संस्था खासगी असली तरी तिची संलग्नता केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाकडून असते आणि राज्यात तिच्यावर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाची देखरेख असते, त्यामुळे ‘आम्ही खासगी आहोत’ या उत्तराने दबून जाण्याचे कारण नाही. प्रथम प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा व दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच नाकारली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. वाजवी मुदतीत उत्तर न आल्यास त्या अर्जाची प्रत जोडून जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकारी आणि आपल्या विभागाच्या प्रादेशिक कार्यालयातील सहसंचालक यांच्याकडे तक्रार द्यावी.

अर्जाच्या मजकुराकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. ‘शिकवत नाहीत’ या वाक्याची चौकशी करता येत नाही. ‘अमुक तारखेपासून निदेशक नाहीत, अमुक यंत्र बंद आहे’ याची करता येते. भारतस्किल्स या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक व्यवसायाचा (ट्रेडचा) अभ्यासक्रम उपलब्ध असून त्याच्या शेवटी आवश्यक हत्यारे व यंत्रे यांची संख्येसह यादी असते. ती यादी घेऊन कार्यशाळेत उभे राहावे आणि काय आहे, काय नाही याची खूण करून ते पान अर्जाला जोडावे. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यालाही तीच यादी हाती धरावी लागते. आणि न केलेल्या जॉबसमोर यापुढे सही करू नये, कारण उद्या तीच वही संस्था तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे करील.

उत्तर २ (माजी प्रशिक्षणार्थी, इलेक्ट्रिशियन)

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु एकट्याच्या नावाने अर्ज देऊ नये. तुकडीतील जितके जण तयार असतील तितक्यांच्या सह्या घ्याव्यात आणि शक्य असल्यास पालकांच्याही घ्याव्यात, म्हणजे एकाला वेगळे काढणे कठीण जाते. निनावी अर्ज सुरक्षित वाटतो, पण त्याची सहसा दखल घेतली जात नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचाही उपयोग होतो. खासगी संस्थेला थेट अर्ज करण्याऐवजी सहसंचालक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे त्या संस्थेचा तपासणी अहवाल, मंजूर शुल्क आणि निदेशकांच्या नियुक्तीची नोंद मागावी. शुल्क १० रुपये असून कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. कागदावर तुमच्या तुकडीला निदेशक आहेत असे दिसले, तर तक्रारीचे वजन एकदम वाढते.

उत्तर ३ (पालक)

राज्याच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवरही तक्रार नोंदवावी. टोकन क्रमांक मिळतो आणि अर्ज कोणाच्या टेबलावर आहे ते कळते. संलग्नतेसंबंधीचा भाग केंद्राच्या सीपीग्राम्स या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर नोंदवता येतो. मात्र एकच मजकूर दहा ठिकाणी पाठवू नये, कारण प्रत्येक कार्यालय तो दुसऱ्याकडे ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ धाडून मोकळे होते, हा माझा अनुभव आहे. रॅगिंग किंवा मुलींच्या छळाचा प्रकार असेल, तर या क्रमाची वाट न पाहता पोलिसांकडे जावे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. पैसे रोख दिले होते, पावती नाही. त्याचा उल्लेख करावा का?

उत्तर १ (निवृत्त गटनिदेशक)

अवश्य करावा, पण वेगळ्या परिच्छेदात. रक्कम, तारीख आणि पैसे कोणत्या टेबलावर भरले ते लिहावे. ज्यांनी यूपीआयने पैसे भरले असतील त्यांच्या व्यवहाराचे स्क्रीनशॉट जोडावेत. मंजूर शुल्काचा कागद हाती आला की त्यात ‘साहित्य खर्च’ हे शीर्षक आहे की नाही, हे आधी पाहावे.